मंत्रीमहोदय, ऐन श्रावणात झाड तहानेनं करपतंय

मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

काल आमच्या गल्लीतल्या रेन ट्रीच्या बुंध्यावर 'धोकादायक झाड' अशी नोटीस चिकटली. रस्त्याचं काँक्रीटीकरण सुरू होताना वॉर्डातल्या साहेबांनी सगळ्यांदेखत शब्द दिला होता, झाडांभोवती मातीचं आळं सोडू, मुळांना हात लावणार नाही. मार्चमध्ये जेसीबीनं फुटपाथलगत चर खणला, मनगटाएवढी मुळं तोडून डंपरमध्ये भरली आणि मे संपायच्या आत सिमेंट थेट बुंध्याला भिडवलं. जाब विचारायला गेलो, तर साहेबांची बदली झालेली!

रेन ट्रीची पानगळ फेब्रुवारी-मार्चातली. याची पानं आत्ता श्रावणातच कडेकडेनं तपकिरी होत चाललीत. वॉर्डात आधी म्हणाले, कीड आहे. पिठ्या ढेकणानं मुंबईतले बरेच रेन ट्री मारले, मान्य. पण तो असला की फांद्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसतो. इथे ठिपका नाही. मग म्हणाले, खारा वारा. २०२१ च्या तौक्ते वादळानंतर तसं झालंही होतं. पण वारा काय फुटपाथ बघून वाहतो? समोरची, न खणलेल्या बाजूची झाडं हिरवीगार आहेत.

पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. ती कापून वर काँक्रीट ओतलं की ना पाणी मुरत, ना हवा. खालून पुरवठा तुटला की पानाची कड आधी वाळते. वर धो-धो पाऊस आणि खाली झाड तहानलेलं. मुळं तुटल्यावरही साठ्यावर ते काही महिने काढतं. तोवर कंत्राटदाराचं बिल निघालेलं असतं.

आणि आमचं काय, साहेब? सावली विरळ झाली, पावसानं उघडीप दिली की पश्चिमेची भिंत तापते. खणकामाच्या धुळीनं बायकोचा दमा उसळला, घरात नेब्युलायझर आला. विजेचं बिल दुप्पट झालं की अडीचपट, मी बघायचंच सोडलंय. पेन्शनीत एसी कुठून आणू? साहेबांच्या रिकाम्या केबिनमध्ये मात्र तो चालू असतो, खेपा घालताना पाहिलाय.

२०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प सोडला. देव तेवढे, झाडं तेवढी! त्याच वर्षी ऑक्टोबरात आरेमध्ये दोन हजारांवर झाडं आडवी झाली. मुंबईत झाडं तीसेक लाख, माणसं सव्वा कोटी. म्हणजे चौघांत एक. आमच्या चौघांचं तुम्ही नेताय. हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीत बजावलं होतं, बुंध्यापासून मीटरभरातलं काँक्रीट काढा. आपला १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा तर झाडाला इजा करणं म्हणजे तोडणंच मानतो. मग मार्चमधल्या तोडीला परवानगी कुणाची? मी एक फांदी छाटली असती तर दारात पंचनामा झाला असता. रस्तेवाले म्हणतात झाड उद्यानवाल्यांचं, उद्यानवाले म्हणतात सिमेंट रस्तेवाल्यांचं. टेंडर तेवढं सगळ्यांचं.

झाडाला हात लावण्याआधी बुंध्याभोवतीचं काँक्रीट आमच्यासमोर फोडा आणि मुळं दाखवा. ती आपोआप कुजलेली निघाली, तर तोडणीचा खर्च मी भरतो. कापलेली निघाली, तर नोटिशीवर कंत्राटदाराचं आणि बिल मंजूर करणाऱ्याचं नाव घाला.

आपला,
मालमत्ता कर वेळेवर भरणारा एक मुंबईकर