जास्वंद, अडेनियम आणि चिपळूणचा पाऊस

सोलापूर,
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय मंदा,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझ्या गच्चीवरच्या दोन झाडांपैकी एकच न्यायचं झालं तर कुठलं नेऊ गं?" आणि मी "सांगते सावकाश" म्हणून फोन ठेवला. ते सावकाश आज जमतंय. दुपारचे तीन वाजलेत, पारा ४२ च्या वर गेलाय, गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. म्हणजे पत्र लिहायला याहून बरी वेळ नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला आली होतीस तेव्हा अडेनियमकडे बघून काय म्हणालीस, आठवतंय? "हे तर मेलंय की गं, काढून का टाकत नाहीस?" एकही पान नव्हतं त्याच्यावर. नुसता फुगलेला बुंधा आणि वर चार बोडक्या काड्या. मेलं नव्हतं, झोपलं होतं. थंडीत ते पानं टाकतं आणि पाणीही मागत नाही. मार्चमध्ये मी फांद्या निम्म्याने छाटल्या, कारण फूल येतं ते शेंड्याला. जितके शेंडे जास्त तितकी फुलं. आत्ता या असल्या उन्हात त्यावर अकरा फुलं आहेत, गडद गुलाबी, आत पांढरी. शेजारी जास्वंद बघवत नाही, दुपारी पानं अशी लोंबतात की ओल्या फडक्यासारखी.

पण हे शहाणपण मला एक झाड मारून आलंय, ते आधी सांगते. पहिलं अडेनियम एका रोपवाटिकेतून आणलं, सहा वर्षांपूर्वी. रोपवाटिकावाल्याने आपल्या काळ्या मातीतच लावून दिलं होतं, मीही काही बोलले नाही. रोज सकाळी जास्वंदीला तांब्याभर, की त्यालाही तांब्याभर. एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, हे हाताला जमेना. जुलैत पानं पिवळी पडायला लागली, मला वाटलं तहान लागली असेल, आणखी पाणी घातलं. एक दिवस बुंधा सहज दाबला तर अंगठा आत गेला, अगदी पिकून उतरलेल्या सीताफळात जावा तसा. वासही तसाच आंबूस. मुळापासून सगळं कुजलं होतं.

अगं, ते झाडच मुळात सहाराच्या दक्षिणेकडचं आणि अरबस्तानातलं. त्याच्या नावातही एडन आहे आणि पुढे 'ओबेसम', म्हणजे लठ्ठ. तो लठ्ठपणा म्हणजे पाण्याची टाकी. ज्याच्या घरातच टाकी आहे त्याला रोज नळ कशाला? आणि आपली कापसाची काळी माती एकदा भिजली की आठ-आठ दिवस ओल सोडत नाही. आताचं झाड मी बियांपासून वाढवलंय. शेजारच्या गच्चीवरच्या अडेनियमला शिंगांसारखी जोडशेंग धरली होती, ती फुटायच्या आत दोऱ्याने बांधून ठेवली, नाहीतर बिया उडून जातात. दोन्ही टोकांना रेशमासारखे तुरे असतात बघ त्यांना. आठवडाभरात उगवल्या. यावेळी कुंडीत बारीक खडी, विटांचे तुकडे, जाडी वाळू आणि थोडंसंच शेणखत. माती नावाला. पाणी घातलं की खालच्या भोकातून लगेच बाहेर यायला हवं, एवढीच परीक्षा. कुंडी बदलताना दरवेळी मुळं बोटभर वर उचलून लावते, म्हणून ते तुला आवडलेलं पोट दिसतं. बुंधा दगडासारखा कडक असेल तर पाणी नको. जरासा सैल लागला तर दे.

जास्वंदीचं सगळं उलटं. ती कापसाची भावकी, भेंडीचीही. गिरण्यांच्या गावात तिला परकं कोण म्हणेल, पण पाण्याच्या बाबतीत ती सोलापूरकर कधी झालीच नाही. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं तिच्या वाटणीचं ठेवावं लागतं. मे महिन्यात दोन्ही वेळा. एक दिवस चुकलं की ती रागावते आणि रागावली की कळ्या टाकते. टपोरी, उद्या उमलेल अशी कळी सकाळी कुंडीत पडलेली दिसते ना, तेव्हा फार वाईट वाटतं. एका दिवसाचं तर फूल असतं तिचं, तेही बघायला मिळू नये. दुपारी पानं लोंबली म्हणून मात्र घाबरायचं नाही. संध्याकाळी सावरतात. सकाळीही मान खाली असेल तर ती खरी तहान.

आणखी एक दुखणं तुला तिकडे होणार नाही. इथली जमीन चुनखडीची, बोअरचं पाणी जड. कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो. मग जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं होतं. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे तिला घेता येत नाही. मी पावसाचं पाणी पिंपात साठवून देते आणि दोनदा चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा, लोहाची फवारणी केली. उतार पडला.

पिठ्या ढेकूण तर तिच्या पाचवीलाच पुजलाय. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की समजायचं, वर शेंड्याला पांढरा कापूस चिकटलाय. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासते, मग कडुनिंबाचं तेल, तेही उन्हं उतरल्यावर. देशी लाल पाच पाकळ्यांची यातून उभी राहते. ती ताटलीएवढ्या फुलांची कलमी दोन आणली होती, दोन्ही गेली. मला तशीही आवडली नव्हती. गणपतीला वाहायची तर लालच.

अडेनियमला कीड नाही असं मी तुला सांगितलं होतं, ते खोटं ठरलं. गेल्या ऑक्टोबरात एका रात्रीत दोन फांद्या साफ. खाली मिऱ्यांएवढ्या काळ्या लेंड्या. शोधत बसले तर पानामागे करंगळीएवढी जाड हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळसर डोळे रंगवल्यासारखे. कण्हेरीवरच्या पतंगाची. कण्हेर, सदाफुली, तगर आणि अडेनियम ही एकाच घरची, सगळ्यांना चीक, म्हणून तिला सगळं चालतं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, चिमट्याने धरून फेका. मी नेऊन मागच्या कण्हेरीवर सोडली, तिथे काय खायचं ते खा म्हटलं. हो, चीक विषारी असतो. आफ्रिकेत बाणांच्या टोकांना लावत. छाटल्यावर हात धू, आणि नातवाला पान तोंडात घालू देऊ नकोस.

तर आता तुझं. चिपळूणच्या जांभ्या मातीत, त्या पावसात, जास्वंद कुंपणाला लावून विसरलीस तरी चालेल. पाणी साचत नाही एवढं बघ. मी इथे तिच्यासाठी जे मरमर करते ते तुला आभाळातून फुकट मिळणार, याचा थोडा हेवाही वाटतो. अडेनियमचं तिकडे चार महिने जडच. पण तुझा जीव त्याच्यावर आहे हे मला कळतं, म्हणून दोन्ही पाठवते. माझा भाचा ४ जूनला तिकडे येतोय. जास्वंदीच्या पेन्सिलीएवढ्या जाड सहा काड्या ओल्या फडक्यात असतील. आल्या दिवशीच सावलीत खोच, पावसात चार-पाच लागतील. अडेनियमचं लहान रोप माती झाडून, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून देते. मुळं उघडी दिसतील, घाबरू नकोस, तसं ते आठवडे राहतं. खडीच्या कुंडीत लाव, पडवीत उजेडाच्या बाजूला ठेव, पागोळ्यांपासून हातभर आत. आणि आठवडाभर पाणी घालायचं नाही. पत्र पुन्हा वाच हवं तर, पण पाणी नाही.

सोबत शेंगाचटणीचा डबा आहे. तो मात्र लगेच उघड.

तुझी,
सुमन