टाळ्या कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कॅसेट डिजिटल करून घेण्याबद्दलचा लेख वाचला. लेख कामाचा आहे, कात्रण काढून ठेवलंय. पण त्यातले दोन सल्ले गळी उतरले नाहीत. एक म्हणजे, मैफलीच्या कॅसेटमधला ‘प्रेक्षकांचा गोंगाट’ संगणकावर काढून टाकला की सगळं स्टुडिओत केल्यासारखं स्वच्छ होतं. आणि दुसरा, काम झाल्यावर मूळ कॅसेट टाकून द्यावी. यातलं पहिलं मी करून बसलो होतो, दुसरं थोडक्यात हुकलं. म्हणून हे पत्र.

२०१९च्या पुरात कोल्हापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आलं, २०२१ला पुन्हा. तेव्हापासून महत्त्वाचं सगळं माळ्यावर आणि बाकीचं खाली, अशी घराची शिस्त झाली. यंदा माळा आवरताना लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या खोक्यात एक कॅसेट सापडली. वर थोरल्या भावाच्या अक्षरात ‘पोलीस, रंगभवन’ एवढंच. सौ.ला वाटलं, कसली तरी केस आहे, हात लावू नका.

केस नव्हती. २६ मार्च १९८० रोजी ‘द पोलीस’ हा इंग्लंडचा रॉक बँड मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात वाजवून गेला. स्टिंग, अँडी समर्स आणि स्टुअर्ट कोपलंड, असे तिघंच. ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या महिलांच्या सेवाभावी संस्थेनं तो कार्यक्रम ठेवला होता. ऐन भरात असलेला परदेशी बँड तेव्हा आपल्याकडं सहसा फिरकत नसे. आमचा दादा त्या वर्षी आयटीआय करून मुंबईत ॲप्रेंटिस होता. इंग्रजी गाण्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, खोलीतल्या मित्राकडं एक तिकीट जादा होतं म्हणून गेला. त्याच मित्राचा दुबईहून आलेला टेपरेकॉर्डर भडंगाच्या पिशवीत घालून आत नेला आणि मांडीवर ठेवला. सेलवर चालणारा, एकच माइक, तोही आतच बसवलेला.

कॅसेट मी इथल्याच एका दुकानात दिली. पोरगा कामाचा चोख. आठवड्यानं पेनड्राइव्ह हातात ठेवला आणि अभिमानानं म्हणाला, “काका, सगळा कचरा काढलाय.” ऐकलं. गाणी पाण्याखालून आल्यासारखी. झांजांचा आवाज उकळत्या तेलात पाणी पडल्यासारखा. दोन गाण्यांच्या मध्ये तर ठार शांतता, सगळे उठून घरी गेल्यागत. वर पोरगा म्हणाला, कॅसेट ठेवू का टाकू? ‘ठेव’ म्हणालो ते निव्वळ कंजूषपणामुळं, त्यात माझा काही शहाणपणा नव्हता.

मग भाच्यानं कुणाकडून तरी जुना कॅसेट डेक आणला आणि आम्ही दोघं चार रात्री बसलो. आधी कॅसेट वाजवली नाहीच. बुरशी आहे का बघितली, टेपमागच्या पट्टीवरचा फेल्टचा तुकडा गळून पडला होता तो दुसऱ्या कॅसेटचा काढून लावला, मग एकदा पुढं-मागं पूर्ण फिरवून घेतली. डेकच्या हेडजवळ, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाजवळ, एक बारीक स्क्रू असतो. ज्या मशीनवर ध्वनिमुद्रण झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर आपलं हेडही तितकंच तिरकं करावं लागतं, नाहीतर वरच्या पट्टीतले आवाज मरतात. पाव फेरा फिरवला आणि कोपलंडच्या झांजा अशा उघडल्या की भाचा खुर्चीतून उठलाच.

दुसऱ्या बाजूला मात्र स्टिंगचा मुळातच उंच आवाज आणखी चढलेला. सेल उतरत गेल्यामुळं त्या रात्री टेप हळू फिरली होती, म्हणून आता वाजवताना पळत होती. किती पळते, हे कसं कळणार? इथं भाच्यानं डोकं लढवलं. आपली वीज ५० हर्ट्झची. स्टेजवरच्या ॲम्प्लिफायरांची बारीक गुणगुण टेपवर येते, ती तिच्या दुपटीत, म्हणजे १०० वर सापडायला हवी. आमच्या टेपवर ती शेवटाकडं १०४च्या आसपास होती. तेवढा वेग कमी केला आणि माणूस माणसासारखा गायला लागला. आता गंमत बघा. दुकानातल्या पोरानं ‘कचरा’ म्हणून सगळ्यात आधी काढली होती ती हीच गुणगुण. मोजपट्टीच फेकून दिल्यावर मापं कुठून काढायची?

आणि मग दादा ऐकू आला. तिसरं गाणं सुरू होताना माइकच्या अगदी जवळून, अस्सल कोल्हापुरीत: “ए भावा, खाली बस की! काय दिसंना झालंय!” त्यावर पुढून कुणीतरी: “अरे, तू भी खडा हो जा ना!” मग खुर्ची सरकल्याचा आवाज, भडंगाच्या पिशवीची चुरचुर, आणि त्यानंतर पूर्ण कॅसेटभर कुणी कुणाला खाली बस म्हणत नाही. पुढच्या गाण्यात आवाज सगळीकडून येतात, उभ्या माणसांच्या घशातून येतात तसे. नाटकाला आल्यासारखे बसलेले लोक कुठल्या क्षणी उठले, ते या टेपवर सेकंदानिशी आहे. पेनड्राइव्हवर ती जागा कोरी आहे.

लेखकमहाशयांना विचारावंसं वाटतं, यातला गोंगाट कुठला आणि मैफल कुठली? खासबाग मैदानातली कुस्ती कुणी हलगी आणि लोकांचा आरडाओरडा काढून ऐकवली, तर उरणार काय, दोन माणसांचं धापा टाकणं. गाण्याच्या बैठकीचंही तेच. समेवर पडलेली दाद, चुकीच्या जागी पडलेली दाद आणि दाद न पडल्यामुळं आलेली चुळबुळ, यावरूनच गवयाची ती संध्याकाळ कशी गेली ते कळतं.

१ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. पंडित रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावत होते. ती लावून झाली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंडितजी हसतमुखानं म्हणाले की जुळवणीच इतकी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. ते सगळं रेकॉर्डवर आहे. टाळ्या कापल्या असत्या तर पंडितजी हे कुणाला म्हणाले आणि का, कुणाला कळलं असतं? आपलं संगीत तिथं किती नवं होतं, हे एका टाळीत सांगून झालंय.

परदेशात लोक हे जपतात. २०२३मध्ये बीबीसीवर एक टेप उजेडात आली. ४ एप्रिल १९६३, इंग्लंडमधल्या स्टो नावाच्या मुलांच्या निवासी शाळेत बीटल्सचा कार्यक्रम. त्यांची पहिली एलपी निघून दोनच आठवडे झाले होते. जॉन ब्लूमफिल्ड या १५ वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपल्या रीळवाल्या टेपरेकॉर्डरवर तासाभराचा कार्यक्रम घेतला आणि ते रीळ पुढं ६० वर्षं त्याच्याजवळच राहिलं. त्यात मुलं हाळ्या घालून फर्माइशी करतात आणि बँड त्यांना उत्तरं देतो. पुढं पुढं बीटल्सचं वाजवणं किंकाळ्यांत बुडून जायचं, इथं ते ऐकू येतं आणि पोरांच्या गप्पाही ऐकू येतात. टेपचं मोल त्यातच आहे. अमेरिकेत माइक मिलर्ड नावाचा एक बहाद्दर चालता येत असून व्हीलचेअरवर बसून लेड झेपेलिन या रॉक बँडच्या कार्यक्रमाला जायचा, कारण खुर्चीत नाकामिची कंपनीचा वजनदार कॅसेट डेक लपवता यायचा. आमच्या दादाकडं भडंग होतं, एवढाच काय तो फरक. (चोरून केलेलं ध्वनिमुद्रण बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. माझ्यापुरतं सांगतो, प्लास्टिक आमचं, संगीत त्यांचं. म्हणून आम्ही ते कुठं विकलेलं नाही की इंटरनेटवर टाकलेलं नाही.)

संगणकाला माझा विरोध नाही. बीटल्सनीच २०२३मध्ये जॉन लेननच्या एका घरगुती कॅसेटमधून संगणकाच्या मदतीनं त्याचा आवाज पियानोपासून सोडवून घेतला आणि नवीन गाणं पुरं केलं. पण लेनन तिथं घरात एकटा बसून गात होता, आणि त्यांना नवं गाणंच करायचं होतं. मूळ कॅसेटही कुणी कोंडाळ्यात टाकली नाही.

आता आपल्या गावाचं. गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी इथं राहिले, गाण्याचं जयपूर घराणं इथं रुजलं, देवल क्लब या संगीतसंस्थेशेजारी त्यांचा पुतळा आहे. आवाज मात्र नाही. केसरबाई, मोगूबाई या शिष्यांच्या गळ्यातून आपण अंदाज बांधत बसतो. उद्या कुणाच्या माळ्यावर त्यांची पाच मिनिटं सापडली, खोकल्यासकट, पानाच्या डब्याच्या आवाजासकट, तर त्यातला खोकला काढायची छाती कुणाची होईल?

आणि केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५मध्ये उभं केलेलं ते पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं. गायक-नट केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या. इमारत पुन्हा उभी राहील. पण त्या जुन्या लाकडी छताखाली टाळी कशी घुमायची, मागच्या रांगेपर्यंत गाणं कसं पोचायचं, हे आता फक्त तिथं प्रेक्षकांत बसून कुणी केलेल्या टेपांवर उरलंय. अशा कॅसेट गावात नक्की असणार, कुणाच्या आजोबांनी नाटकाला टेपरेकॉर्डर नेला असणार. आजचे प्रोग्रॅम ‘घुमारा कमी करा’ असं एक बटण देतात. ते दाबलं की ते थिएटर दुसऱ्यांदा जळालं असं समजा. मुंबईचं रंगभवनही पुढं शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून गप्प झालं. त्याच्या उघड्या आभाळाखालचा आवाज कसा होता, तो आमच्या नव्वद मिनिटांत आहे.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. कॅसेट दुकानात देताना आधी जशी आहे तशी, काहीही न काढता, डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक या प्रकारच्या फाइलीत एक प्रत मागून घ्यावी, त्यांत काही गाळलं जात नाही. एमपीथ्री नको, त्यात बारीकसारीक आवाज आधीच गाळले जातात. ती प्रत हातात आल्यावर दुसऱ्या प्रतीवर काय धुवायचं ते धुवा. कॅसेटच्या कडेचे दोन कान मोडून टाका म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. आणि मूळ कॅसेट उभी ठेवा, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब. आपल्या गावात ‘कोरडी जागा’ म्हणजे माळा, हे वेगळं सांगायला नको.

दादाला ऐकवलं. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढल्यामुळं त्याला आता कानाला मशीन लावल्याशिवाय ऐकू येत नाही. आधी म्हणाला, मी असं बोललोच नव्हतो. तीनदा ऐकल्यावर म्हणाला, “मग बसला का न्हाई त्यो?”

एक राहिलं. ४५ मिनिटांनी कॅसेटची बाजू संपली आणि दादा अंधारात ती उलटत असताना एक गाणं मध्येच तुटलंय. पुन्हा सुरू होतं तेव्हा सगळं रंगभवन कशावर तरी खदाखदा हसत असतं. दादाला आठवत नाही, तो कॅसेट चाचपडत होता. त्या रात्री तिथं असलेलं कुणी कोल्हापुरात किंवा आसपास असेल आणि लोक कशाला हसले ते आठवत असेल, तर कृपया आपल्या कार्यालयाकडं कळवावं. माझा पत्ता आपल्याकडं आहे.

आपला,
एक वाचक
शुक्रवार पेठ, कोल्हापूर