झिगझॅग अटॅचमेंट मशीनला नीट बसत नाही आणि रिटर्न नाकारला, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार सर/मॅडम,

मी सांगलीहून लिहितेय. गेल्या महिन्यात तुमच्या साइटवरून झिगझॅग अटॅचमेंट, म्हणजे साध्या मशीनवर नागमोडी टाका घालायचा जोड, मागवलं, 890 रुपये आधीच भरले. पेजवर स्पष्ट लिहिलं होतं की सरळ टीप मारणाऱ्या कुठल्याही जुन्या काळ्या मशीनला बसतं. माझ्या मशीनला ते नीट बसत नाही, आणि तीनदा फोन केला तर तिन्ही वेळा एकच उत्तर, मॅडम तुमचं मशीन जुनं आहे म्हणून होतंय. हे मला मान्य नाही म्हणून सगळं लिहून पाठवतेय.

मशीन माझ्या सासूबाईंचं, सिंगर 15के, स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं. 2019 च्या पुरात पाणी दारात आलं तेव्हा आम्ही दोघींनी मुंडी, म्हणजे मशीनचा वरचा भाग, सोडवून माळ्यावर नेली, खालचं टेबल पायडलसकट पाण्यात गेलं पण मुंडी वाचली, आणि आजही रोजचे चार-पाच ब्लाऊज त्याच्यावरच निघतात. टाका कुठे सुटत नाही की धागा तुटत नाही. फक्त आतल्या कडांचे धागे निघतात म्हणून प्रत्येक ब्लाऊज इंटरलॉकला, म्हणजे कडा धाग्याने बांधून घ्यायला, गणपती पेठेत न्यावा लागतो, जायचं यायचं आणि वर त्याचे पैसे, तो खर्च वाचावा म्हणून हे घेतलं होतं.

बसवताना मी घाई केलेली नाही. कापड दाबणारं फूट काढून त्या जागी अटॅचमेंट आवळलं, त्याचं बेचकं, म्हणजे सुईबरोबर वर-खाली होणारा दुफाटा दांडा, सुई आवळायच्या स्क्रूवर अडकवलं, टाका बारीक केला, वरचा दाब थोडा सैल केला आणि आधी चाक हाताने सावकाश फिरवून बघितलं. तिथेच दिसलं की बेचक्याची फट स्क्रूपेक्षा चांगली दोन मिलीमीटर रुंद आहे, पट्टी लावून मोजलंय, फोटो जोडलेत. सुई वर निघाली तरी बेचकं लगेच उचलत नाही, आधी मोकळंच हलतं आणि मग उचलतं, त्यामुळे आतलं दातेरी चाक कधी एक दात पुढे जातं कधी जातच नाही. टाके दोन आडवे, चार सरळ, परत एक आडवा असे पडतात. कापड सुई वर असतानाच सरकायला पाहिजे, इथे सुई कापडात उतरत असताना ते ओढलं जातं. पॉपलीनच्या तुकड्यावर दोन सुया वाकल्या आणि तिसरी मोडून तिचं टोक शटलमध्ये पडलं, ते काढायला बॉबीन केस, शटल सगळं खोलावं लागलं, अर्धा दिवस गेला आणि गिऱ्हाइकाचा ब्लाऊज राहिला.

तुमच्या माणसाने सांगितलं की सुईच्या खालची प्लेट बदला, लांबट भोकाची टाका. अहो, लांबट भोक लागतं ते सुई स्वतः डावी-उजवीकडे जाते त्या मशीनला. या अटॅचमेंटमध्ये सुई जागची हलत नाही, अटॅचमेंट कापडालाच इकडून तिकडे सरकवतं, म्हणून तर ते सरळ टीपेच्या मशीनला चालतं, गोल भोक पुरतं. जे विकताय ते कसं चालतं हे फोनवर बसणाऱ्याला माहीत पाहिजे की नाही? त्याचं ऐकून मी आणखी खर्च केला असता.

आणि मशीनचा दोष नाही याचा पुरावा माझ्याकडे आहे. मिरजेच्या मामींकडे जुनं लोखंडी झिगझॅग अटॅचमेंट आहे, ते आणून याच मशीनला, याच धाग्याने, याच कापडावर लावलं, पहिल्या टाक्यापासून सारखं झिगझॅग पडलं. दोन्ही कापडांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून काढलेत, मोठे करून बघा. मामींच्या अटॅचमेंटचं बेचकं स्क्रूला अगदी बेताचं बसतं, फरक तेवढाच आहे.

रिटर्न नाकारताना वस्तू वापरलेली आहे असं कारण दिलंय. लावून बघितल्याशिवाय बसतं की नाही हे कळणार कसं? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात करावं लागतं. मला पहिल्या तक्रारीची पोचसुद्धा आलेली नाही, 22 दिवस झाले.

मला माझे 890 रुपये परत पाहिजेत आणि पार्सल तुमच्या खर्चाने न्या. बदली पीस नको, कारण बेचकं त्याच मापाचं असणार. आणि पेजवर बेचक्याचं माप टाका, कुठल्या स्क्रूला बसतं ते लिहा, आमच्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बायका फोटो बघून विश्वासाने पैसे भरतात हो. महिन्याभरात काही झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि तिथेही नाही झालं तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

अटॅचमेंट मूळ खोक्यात भरून ठेवलंय, मोडलेल्या सुईचे तुकडेही त्यातच कागदात गुंडाळून ठेवलेत. कुरिअरवाल्याला दुपारी दोननंतर पाठवा, सकाळी मी कापड कापायला बसलेली असते.

तुमची ग्राहक,
विश्रामबाग, सांगली