साखळ्यांचा गोल्फ

स.न.वि.वि.
सध्या मुलाकडे अमेरिकेत आलोय, त्याच्या युनिव्हर्सिटीत डिस्क गोल्फ खेळायचं मैदान (त्याला कोर्स म्हणतात) करायचं चाललंय. म्हणजे बॉलऐवजी फ्रिसबीसारखी चकती अन् खड्ड्याऐवजी खांबाला साखळ्या लावलेली बास्केट, चकती साखळ्यांवर आदळली की खळ्ळकन आत! एड हेड्रिक नावाच्या माणसाने १९७५ ला कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स केला, आणि २००२ मध्ये तो गेल्यावर त्याची रक्षा मिसळून चकत्या बनवल्या म्हणे त्याच्याच इच्छेने. आपण नदीत सोडतो, असो.

मला पटलं ते हे की साध्या गोल्फसारखं गुळगुळीत लॉन नको, त्याला ढीगभर पाणी नको, आहेत ती झाडंच अडथळे. पण नकाशात एक होल (म्हणजे चकती फेकायच्या जागेपासून बास्केटपर्यंतचा पट्टा) सरळ लायब्ररीच्या पायवाटेवरून जातंय आणि पोरं कानात हेडफोन घालून चालतात हो, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची कडक चकती कपाळावर बसली तर? झाडांच्या साली सोलतात ते वेगळंच. काँक्रीट ओतायच्या आधी महिनाभर हलवता येणाऱ्या बास्केट लावून बघा की! मुलाला म्हटलं मीटिंगला हे बोल, तर म्हणतो बाबा, तुम्हीच चला.

– एक वाचक, सध्या मुक्काम अमेरिका