सिंडी विल्सन ‘साथीची गायिका’ नव्हे

महोदय,

ऐंशीच्या दशकातल्या न्यू वेव्ह (पंक रॉकनंतर आलेल्या पॉप-रॉक) संगीतावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘बी-फिफ्टीटूज’ या बँडच्या वाट्याला त्यात एकच परिच्छेद आला. त्यातला निम्मा गायिकांच्या उंच अंबाड्यांवर खर्ची पडला आणि सिंडी विल्सनची ‘साथीची गायिका’ म्हणून बोळवण झाली. अंबाडे होते, बँडचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. पण गाणी काही अंबाड्यांनी गायलेली नाहीत.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे १९७६ साली हा पाच जणांचा बँड जमला. १४ फेब्रुवारी १९७७ ला एका मित्राच्या घरच्या पार्टीत ते पहिल्यांदा वाजले, तेव्हा सिंडीला वीसही पूर्ण नव्हती. गिटारवर तिचा थोरला भाऊ रिकी होता. बास गिटार वाजवायला कुणीच नव्हतं, ते काम केट पीअर्सन कीबोर्डवर उरकत असे. रिकी गिटारच्या मधल्या तारा, निदान तिसरी तरी, काढूनच टाकायचा. जाड तारांवर रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) आणि वरच्या दोन तारा बहुधा एकाच स्वरात. त्यामुळे मधल्या स्वरांची जागा मोकळी राहायची आणि तिथेच केट आणि सिंडी या दोघींचे आवाज बसायचे. ही गाणी वाजवताना नव्या बँडची फसगत इथेच होते. गिटारवाला सहाही तारांवर भरगच्च कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक स्वर) झोडतो, आवाज गाडले जातात, मग दोष गायिकांच्या माथी!

दोघींच्या जोडस्वरांचंही तेच. पॉपमध्ये सहसा दुसरा आवाज गंधाराच्या अंतरावर ठेवतात, ते गोड लागतं. या दोघी बऱ्याचदा षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम अंतराने समांतर जातात, तेही कंप न देता. त्यातून तो उघडा, किंचित रानवट नाद येतो. ‘रोम’ (Roam) हे गाणं ऐकताना दोन्ही आवाज वेगळे धरून पाहावेत. केटचा आवाज खणखणीत आणि सरळ, सिंडीचा थोडा खरखरीत, दक्षिणी हेल असलेला.

तिला एकटीला ऐकायचं तर १९७९ च्या पहिल्या अल्बममधलं ‘डान्स धिस मेस अराउंड’ घ्यावं. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी, रडवेली. माझ्याबरोबर का नाचत नाहीस, हा एकच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारते आणि दर खेपेला आवाज एकेक पायरी चढत थेट आक्रोशापर्यंत जातो. नक्कल करणारे पहिल्याच ओळीला किंचाळतात. मग चढायला जागा उरत नाही आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत घसा बसतो. ‘वाइल्ड प्लॅनेट’ (१९८०) मधलं ‘गिव्ह मी बॅक माय मॅन’ तर तिनेच तोललेलं आहे. याला साथ म्हणायचं?

‘रॉक लॉबस्टर’मधल्या किंकाळ्या लेखकाला ‘गंमत’ वाटल्या. त्या गायिका योको ओनोला केलेला मुजरा होता. १९८० मध्ये बर्म्युडात तिचा नवरा, ‘बीटल्स’वाला जॉन लेनन, याच्या कानावर हे गाणं पडलं आणि त्याला योकोचंच संगीत आठवलं.

ऑक्टोबर १९८५ मध्ये रिकी एड्सने गेला. वय अवघं ३२. लेखात याचा उल्लेखही नाही. बँड जवळपास संपला होता. ड्रमवरच्या कीथ स्ट्रिकलंडने गिटार हाती घेतली आणि १९८९ मध्ये ‘कॉस्मिक थिंग’ आला. ‘लव्ह शॅक’ आणि ‘रोम’ ही दोन्ही गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. यांची रीत अशी की तयार वाद्यसंगीतावर तिघं गायक (केट, सिंडी आणि फ्रेड श्नायडर) मनाला येईल ते गात सुटायचे, सगळं टेप व्हायचं, मग त्यातले चांगले तुकडे कापून गाणं जोडायचं. ‘लव्ह शॅक’मध्ये वाद्यं एकदम थांबतात आणि गंजलेल्या पत्र्याच्या छपराबद्दल सिंडी एकटीच ओरडते, ती जागा अशाच एका सत्रात सापडलेली.

१९९० मध्ये संसारासाठी ती बाहेर पडली. १९९२ चा ‘गुड स्टफ’ तिच्याविना झाला आणि ऐकताना ते जाणवतं. आवाज नीटनेटके आहेत, पण दोघींमधली ती ओढाताण नाही. काही वर्षांनी ती परतली. ‘चेंज’ (२०१७) आणि ‘रेल्म्स’ (२०२३) हे तिचे स्वतंत्र अल्बम. तिथे ती किंचाळत नाही, सिंथेसायझरवर कुजबुजते, म्हणून जुन्या चाहत्यांना ते चटकन पचत नाहीत. मला ‘चेंज’ सरस वाटतो.

पुढच्या भागात ‘डिव्हो’ या बँडवर लिहिणार असल्याचं लेखकाने म्हटलं आहे. २०२५ मध्ये ‘डिव्हो’ आणि ‘बी-फिफ्टीटूज’ एकत्र दौऱ्यावर होते, एवढं तरी त्यात यावं.

– एक वाचक, पुणे