गावपळणीत वेशीच्या आत शिरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आमच्या आचऱ्याच्या गावपळणीवर, म्हणजे सगळं गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं त्या प्रथेवर, अर्धं पान आलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मजकुराबद्दल तक्रार नाही. पण सोबतचे तिन्ही फोटो रिकाम्या गावाचे होते. एक ओस पडलेल्या रस्त्याचा, एक कुलूप लावलेल्या दाराचा आणि एक सुन्या अंगणाचा. त्या अंगणातलं तुळशीवृंदावन मी लगेच ओळखलं. ते माझ्या चुलत्यांच्या घरचं आहे, डाव्या कोपऱ्याचा चिरा निखळलेला. म्हणजे आम्ही सगळे वेशीबाहेर असताना कुणीतरी कॅमेरा घेऊन आत गेलं, अंगणात उभं राहिलं आणि फोटो काढून बाहेर आलं. हे पत्र त्याबद्दल आहे.

मी आचऱ्याचाच. टपाल वाटण्यात ३६ वर्षं गेली, २०१२ साली निवृत्त झालो. लिहायची सवय पत्त्यांपुरतीच, म्हणून मांडणी इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आचरा हे मालवण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. ग्रामदैवत रामेश्वर. देवस्थानाच्या नावाआधी 'इनामदार' लागतं, आणि ते नुसतं बिरूद नाही. गाव देवाचं आणि आपण त्याची कुळं, हे आम्हाला पाळण्यातच कळतं. तीन-चार वर्षांनी रामेश्वराला कौल लावतात. कौल मिळाला की दिवस ठरतो. त्या दिवशी देवळात नौबत झडली की गाव सुटतं. म्हातारेकोतारे, तान्ही मुलं, गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, मांजरं, कुणीही मागे राहत नाही. तीन दिवस आणि तीन रात्री आम्ही चिंदर, वायंगणी, मुणगे अशा शेजारच्या गावांच्या हद्दीत राहुट्या घालून राहतो. मग पुन्हा कौल. देवाने दिला तर परत यायचं, नाही दिला तर मुक्काम वाढतो. चिंदर आणि वायंगणीचीही स्वतःची गावपळण असते. तिकडे वैभववाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, शिराळे गाव तर दर वर्षी बाहेर पडतं.

हे कशासाठी, याचं उत्तर वाडीगणिक बदलतं. कुणी पटकीच्या साथीचं नाव घेतं, कुणी समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंचं, कुणी भुताखेतांचं. शाळा शिकलेले म्हणतात, हवा-पाणी शुद्ध व्हावं म्हणून. माझी आई यातलं काहीच म्हणायची नाही. ती म्हणायची, “वर्सानवर्सा आपण तेच्या जाग्यात ऱ्हवतंव. तीन दीस तेचो जागो तेका मोकळो करून देवक काय होता?” मला आजही याहून बरं उत्तर मिळालेलं नाही. मालकाने तीन दिवस जागा मागितली तर कुळाने ती झाडून द्यावी आणि मागे वळून बघू नये.

पहिली नीट आठवणारी गावपळण माझ्या आठव्या-नवव्या वर्षीची. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. घरी एक गाय, तिचा पाडा, एक कुत्रा आणि पाच-सहा कोंबड्या होत्या. त्यातली एक खुडूक झालेली, नऊ अंड्यांवर बसलेली. बसून एकोणीस दिवस झाले होते, पिल्लं दोन दिवसांवर आलेली. वडील म्हणाले, अंडी जातील आता. आईने काही उत्तर दिलं नाही. आदल्या रात्री तिने टोपलीत तळाशी भाताचा कोंडा घातला, वर पेंढा, त्यावर स्वतःच्या जुन्या लुगड्याची घडी. चिमणीच्या उजेडात एकेक अंडं कानाशी नेऊन तिने त्या घडीत ठेवलं. मग अंधारातच कोंबडी उचलून वर बसवली आणि डालगं पालथं घातलं. सकाळी नौबत झाली. वडिलांनी गाय सोडली, मी पाड्याचं दावं धरलं आणि आईने ती टोपली कमरेवर घेतली. चिंदरच्या हद्दीत पोहोचेपर्यंत तिने ती एकदाही खाली ठेवली नाही. डोक्यावर भांड्यांचं गाठोडं होतं ते वेगळंच.

तिसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती चिवचिवाटाने. नवातली सात फुटली होती. ज्यांच्या भाताच्या कुणग्यात आमची राहुटी होती ते चिंदरचे शेतकरी दातवण करत बघायला आले आणि उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. पिल्लं त्यांच्या जमिनीत जन्मली म्हणून पुढे त्यातलं एक चांगलं तलंग आईने त्यांच्या घरी नेऊन दिलं. त्या घराशी आमचं जाणं-येणं अजून आहे. दोन्हीकडची तिसरी पिढी आता एकमेकांच्या लग्नात वाढायला उभी राहते.

गावपळण मार्गशीर्षाच्या सुमारास, डिसेंबरात का पडते, हे त्या कुणग्यांकडे बघितलं की समजतं. भात कापून झालेलं असतं, मळे मोकळे असतात, विहिरींना पाणी असतं आणि पावसाची भीती नसते. आणखी एक गोष्ट कुणी लिहीत नाही. एवढं मोठं गाव दाराशी येऊन उतरतं तेव्हा शेजारच्या गावाला किती सोसावं लागत असेल! पाणी त्यांचं, सरपण त्यांचं, गुरांना चारा त्यांचा. मी टपाल वाटताना त्या गावांतल्या घराघरांत बसलेलो आहे, पण ‘आचरेकर आले आणि त्रास झाला’ असं वाक्य मी एकदाही ऐकलं नाही. आपल्या लेखात या लोकांबद्दल एक ओळ हवी होती.

राहुटीही आता बदलली. पूर्वी चिव्याच्या काठ्या रोवून वर माडाची विणलेली झापं टाकायची, जमीन चोपून शेणाने सारवायची, तीन दगडांची चूल मांडायची. आता निळं प्लास्टिक, सोलर दिवे, कुठे कुठे गॅसही दिसतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. भिंत तेव्हाही नव्हती, आताही नसते. शेजारच्या राहुटीत कुणाच्या मुलाला खोकला आहे, कुणाची सून रुसली आहे, कुणाच्या कालवणात मीठ कमी पडलं आहे, हे सगळ्यांना ऐकू येतं. रात्री भजनाची डबलबारी उभी राहते, बायका फुगड्या घालतात, पोरं शेकोटीत कणगं भाजून खातात. मुसलमान कुटुंबंही आमच्यासारखीच बाहेर पडतात. कौल रामेश्वराचा असला तरी गाव सगळ्यांचं, यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

सगळं गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या लहानपणी राहुट्यांनाही जातीचं अंतर होतं. कोण कुठल्या अंगाला उतरणार आणि कुठल्या बावीवर कुणी आधी पाणी भरायचं, हे न सांगता ठरलेलं असे. हे कमी होताना मी डोळ्यांनी पाहिलं, पण ते होतं हे लिहिलं पाहिजे. जमिनीचा दावा चालू असलेले दोन सख्खे भाऊ एका गावपळणीत शेजारी-शेजारी उतरले होते, जागाच तेवढी उरली होती म्हणून. तीन दिवस दोघांची मुलं एकाच परातीत जेवली. गावात परतल्यावर दावा चालूच राहिला.

पोस्टाची एक आठवण सांगतो. १९८०च्या दशकात मी शेजारच्या गावच्या पोस्टात होतो. गावपळण असली तरी टपाल यायचं थांबत नाही. आचऱ्याच्या पत्त्यावरची मनीऑर्डर, आणि आचऱ्यात माणूस नाही! मग थैली घेऊन राहुट्यांतून विचारत फिरायचं, अमुक वाडीचे लोक कुठे उतरले? पोरं पुढे धावत वाट दाखवायची. एका म्हातारीची मनीऑर्डर होती, मुलगा मुंबईत गिरणीत. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता म्हणून तिने पदराने आधी डोळे पुसले, मग बोट पुसलं आणि शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. शेजारच्या राहुटीतल्या मास्तरांनी साक्षीची सही केली. फॉर्मच्या खालच्या चिठ्ठीवर मुलाने दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्या मी वाचून दाखवल्या. तिने त्या पुन्हा वाचायला सांगितल्या. मग गुळाचा चहा दिला. पैसे मोजून घ्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही, मीच मोजून तिच्या हातात ठेवले.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि माझी थैली हलकी होत गेली. त्यानंतरच्या गावपळणीत राहुट्यांत पुरुष जास्त दिसले, आणि आमच्या वयाच्या लोकांना त्याचं कारण कुणी सांगावं लागलं नाही. दुपारच्या वेळी ते गप्प बसून असत.

आता मुद्द्यावर येतो. परत येण्याच्या दिवशी कौल मिळाला की सगळे लगबगीने निघतात. पण घराशी आल्यावर आई एकदम कडी काढायची नाही. आधी दारावर तळहाताने तीन वेळा थाप मारायची आणि म्हणायची, “इलंव हां म्हाराजा.” मग थोडं थांबायची. आपल्याच घराच्या दारावर! आत कुणी असेल तर त्याला निघायला वेळ मिळावा म्हणून. मग दार उघडायचं. तीन दिवस बंद राहिलेल्या घराचा थंड मातकट वास यायचा, ओट्यावर मुंग्यांची रांग लागलेली असायची, उंबऱ्यावर कोळ्याचा एखादा धागा. मग सडा आणि मग चूल. आई गेल्यावर ही थाप माझी बायको मारते. मुंबईहून आलेल्या माझ्या सुनेनेही मागच्या वेळी मारली, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्याच गावपळणीनंतर नातवाने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. बाहेरगावचे दोन तरुण गाव रिकामं असताना आत शिरलेले, वर भुताखेतांचं नाव दिलेलं, खाली भीतीदायक संगीत. एका घराच्या ओट्यावर चढून त्यांनी कुलूप खडखडवलं आणि आतून आवाज आला असं भासवलं. ज्या दारावर आम्ही स्वतः थाप मारून परवानगी मागतो, ते दार त्यांनी तमाशासाठी हलवलं. मला रात्रभर झोप लागली नाही. आणि मग आपल्या पुरवणीत कुलूप लावलेल्या दाराचा फोटो बघितला. आपला हेतू तसा नव्हता हे मला ठाऊक आहे. पण फोटो काढणारा त्याच वाटेने आत गेला.

काही वाचक ही अंधश्रद्धा म्हणून बंद करा असं लिहितील. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला माझा पाठिंबा आहे. भोंदू माणसं घरं कशी बुडवतात हे टपाल वाटताना मी जवळून पाहिलं आहे. गावपळणीत कुणी कुणाला लुबाडत नाही, कुणाच्या अंगावर हात टाकत नाही. आजारी माणसासाठी डॉक्टरही राहुटीवर येतात. देवावर विश्वास नसलेली आमच्या गावची मुलंसुद्धा मुंबई-पुण्याहून रजा काढून येतात आणि आजीच्या राहुटीचे खांब रोवतात. त्यांना विचारलं तर ती सरळ सांगतात की एरवी सगळं गाव एकत्र भेटत नाही.

माझी विनंती एवढीच आहे. त्या तीन दिवसांत आपला प्रतिनिधी वेशीच्या आत जाऊ नये आणि कुणी आत जाऊन काढलेले फोटो आपण छापू नयेत. ड्रोनही नको. पत्रकार आहे म्हणून आम्ही त्याला अडवणार नाही. वेशीवर पहारा नसतो, तो कधीच नव्हता. म्हणूनच हे त्याच्यावर सोपवावं लागतं.

पुढची गावपळण ठरली की पत्राने कळवतो. कुणालाही पाठवा, मुक्कामालाच पाठवा. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं राहुटीत मिळेल, अंथरायला गोधडीही देऊ. फोटो हवे तेवढे काढू देत, चुलींचे, गुरांचे, भजनाचे, म्हाताऱ्यांचे. कौल मिळाल्यावर त्याने आमच्याबरोबर चालत गावात यावं. घराशी पोहोचल्यावर बायको दारावर थाप मारेल, तेव्हा थोडा मागे उभा राहिला तर तो फोटोही त्याला मिळेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोस्टमन
आचरा, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग