तो ‘जनक’चा रकाना

प्रिय बाळ्या,

स. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं आली, एकालाही उत्तर दिलं नाही, याची बोच आहे. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच आहे. आज लिहायला बसलो कारण आपलं ते जुनं भांडण, खेळ चेंडूतून जन्मतो की नियमांतून, मिटलंय. तू जिंकलास. पूर्ण नाही, बारा आणे. उरलेले चार आणे मी सोडणार नाही, ते का ते पुढे वाच.

सरांनी मुलांसाठी तक्ता मागितलाय, आधुनिक खेळांचा उगम आणि प्रसार. रकाने त्यांनीच आखून दिले : खेळ, जनक, साल, देश. त्यातल्या ‘जनक’ या रकान्याने माझी झोप उडवलीय. बारा खेळ आहेत आणि निर्धास्त लिहिता आल्या त्या दोनच ओळी. बास्केटबॉल : जेम्स नायस्मिथ, स्प्रिंगफिल्ड, डिसेंबर 1891. व्हॉलीबॉल : विल्यम मॉर्गन, होल्योक, 1895. दोन्ही गावं मॅसॅच्युसेट्समधली, दोघेही वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेचे. हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत पोरांना खेळवायचं काय, असा पेच होता आणि एका माणसाने बसून त्याचं उत्तर काढलं. तिथे जनक म्हणायला हरकत नाही.

पण बाकीच्यांचं काय? रग्बीपुढे सगळे विल्यम वेब एलिस, 1823 असं लिहितात. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत फुटबॉल खेळता खेळता या पोराने चेंडू उचलला आणि धावत सुटला. ही गोष्ट छापली गेली 1876 मध्ये, एलिस 1872 मध्येच वारलेला. पुढे 1895 मध्ये शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी चौकशी केली, तर डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार मिळाला नाही. तरी रग्बीच्या विश्वचषकावर नाव त्याचंच. बेसबॉलचं तर त्याहून वाईट. ॲबनर डबलडेने 1839 मध्ये कूपर्सटाउनला खेळ शोधला असं एका समितीने जाहीर केलं, ते एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर विसंबून. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत होता आणि मरेपर्यंत त्याने असा दावा कधी केला नाही. हे मी मुलांना पाठ करायला देऊ? एकदा तक्त्यावर चढलं की वीस वर्षं भिंतीवरून उतरत नाही, तुला माहीत आहे.

तर भांडण. तू म्हणायचास, ‘चेंडू आधी, नियम मागून येतात.’ मी म्हणायचो, नियम छापले त्या दिवशी खेळ जन्मला. तक्ता भरायला बसलो आणि प्रत्येक ओळीत तुझा चेंडू आडवा आला.

टेनिसच घे. मेजर विंगफिल्डने 1874 मध्ये पेटंट घेतलं. पण भिंतींच्या आतलं, फरशीवरचं टेनिस त्याआधी कित्येक शतकं होतंच. मग गवतावर कोणी का खेळलं नाही? कारण तो जुना चेंडू चिंध्या-लोकर आवळून, वर कापड शिवलेला. फरशीवर उसळतो, हिरवळीवर बसतो तो बसतोच. कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत तडकतं, तेही कामाचं नाही. रबरात गंधक घालून तापवलं की त्याचे लांब धागे एकमेकांना जखडले जातात, मग ते ताणून पुन्हा मूळ आकारात येतं. चार्ल्स गुडइयरला त्याचं पेटंट मिळालं 1844 मध्ये. हिरवळ एकसारखी कापायचं यंत्र एडविन बडिंगने 1830 मध्येच काढलं होतं. गवत तयार होतं, वाट पाहत होतं ते उसळणाऱ्या चेंडूची. (मेक्सिकोकडचे लोक याच्या तीन हजार वर्षं आधी रबराच्या चिकात एका वेलीचा रस मिसळून भरीव चेंडू करत होते. तक्त्यात त्यांना जागा नाही, कारण त्यांच्यापैकी ‘जनक’ कोण ते सांगता येत नाही! याचा मला खरंच राग आला.)

फुटबॉलचा चेंडू बघ. आत डुकराचा मूत्राशय. ओलसर असतानाच त्यात चिलमीची नळी घालून तोंडाने फुगवायचा, बांधायचा, वर चामडं शिवायचं. मूत्राशय जेवढा आणि जसा तसा चेंडू, म्हणून दोन चेंडू कधी सारखे नाहीत. वाळला की चिरतो. जनावर रोगी असलं तर फुगवणाऱ्याच्या जिवावर बेततं. रग्बी गावात रिचर्ड लिंडन हा चांभार शाळेसाठी चेंडू करायचा, फुगवायचं काम त्याच्या बायकोकडे. ती फुप्फुसाच्या आजाराने गेली. 1860 च्या दशकात त्याने रबरी ब्लॅडर बसवला. तो तोंडाने फुगेना, म्हणून पितळी पंप केला. मापाचा गोल चेंडू आता हुकमी करता यायला लागला.

क्रिकेट मात्र या साऱ्याच्या कितीतरी आधी, 1744 मध्ये नियमांत बसलं. मला वाटलं, इथे तू हरलास! पण नाही. त्याच्या चेंडूला रबर लागतच नाही. आत बूच, वर सुतळीचे आवळून वेढे, त्यावर चामडं आणि शिवण. सारा माल मोच्याच्या दुकानातला. उसळी द्यायचं काम चेंडूपेक्षा घट्ट खेळपट्टीचं. टेबल टेनिसचंही चेंडूवरच अडलं होतं : बुचाचा चेंडू धड उसळत नव्हता, रबराचा हाताबाहेर जायचा. 1900 च्या सुमारास सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू आला आणि खेळ रांगेला लागला. आजचा प्लास्टिकचा, 40 मिलिमीटरचा, 2.7 ग्रॅमचा.

आता माझे चार आणे. 26 ऑक्टोबर 1863 ला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल क्लबांची माणसं बसली, कारण प्रत्येक शाळेचे नियम निराळे आणि सामना ठरला की अर्धा वेळ वादात. पुढच्या बैठकांत भांडण पेटलं ते चेंडू हातात घेऊन पळण्यावर आणि नडगीवर लाथ मारण्यावर. ब्लॅकहीथ क्लबला लाथ हवी होती, ते बाहेर पडले. त्याच फुटीतून पुढे 1871 मध्ये रग्बीची वेगळी संघटना झाली. चेंडू तोच होता, रे! खेळ दोन झाले ते कागदावर. पण तुझ्या बाजूचंही सांगतो : त्या 1863 च्या नियमांत चेंडूच्या मापाबद्दल एक शब्द नाही. आणि त्याचा तंटा 1930 पर्यंत पुरला. पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोणाच्या चेंडूने खेळायचं यावर अर्जेंटिना आणि उरुग्वे अडून बसले. शेवटी पहिला अर्धा अर्जेंटिनाच्या चेंडूने, ते 2-1 पुढे. दुसरा उरुग्वेच्या चेंडूने, आणि सामना उरुग्वेने 4-2 जिंकला. हे वाचताना तुझा चेहरा डोळ्यासमोर आला.

प्रसाराचंही हेच दिसतं. चार्ल्स मिलर 1894 मध्ये इंग्लंडहून ब्राझीलला परतला तेव्हा सामानात दोन चेंडू आणि नियमांचं पुस्तक होतं. एकटा चेंडू नेला असता तर पोरांनी आपापल्या परीने लाथाडला असता, एकटं पुस्तक कपाटात पडलं असतं. विंगफिल्डने तर खोकीच विकली : रॅकेटी, जाळं, रबरी चेंडू आणि नियमांची चोपडी, पाच गिनीला. त्याचं मैदान जाळ्यापाशी निमुळतं होतं, ते टिकलं नाही. 1877 च्या विम्बल्डनने 78 बाय 27 फुटांचा सरळ आयत आखला. खोकं मात्र जहाजातून सगळीकडे पोहोचलं. होरेस विल्सन हा शिक्षक 1872 मध्ये जपानात बेसबॉल शिकवत होता. रेल्वेवाले, मास्तर, पाद्री, शिपाई अशीच माणसं हे खेळ घेऊन हिंडली, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं कोणत्याच रकान्यात नाहीत.

नायस्मिथचंही तसंच बघ. नियम त्याचे, 13 कलमं. चेंडू हातात घेऊन पळायला बंदी, म्हणजे कोणी कोणाला आडवं पाडायला जात नाही. गोल करायची टोपली डोक्याच्या वर, म्हणजे समोर भिंत करून उभं राहता येत नाही. टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, कठडा 10 फुटांवर होता, म्हणून आजही रिंग 10 फुटांवरच. सज्जातले प्रेक्षक हात घालून चेंडू ढकलायला लागले, म्हणून मागे फळी आली. आणि चेंडू? फुटबॉलचा. उसना.

वहिनींचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून हायसं वाटलं, त्यांना जिने चढू देऊ नकोस. धाकटीची बदली झाली तर कळव. रंगकाम पावसाआधी उरक.

तक्ता सोमवारी छापायला जातोय. ‘जनक’ खोडून मी तीन रकाने केलेत : चेंडू कशाचा, नियम कुठे ठरले, कोणी नेला. सर कुरकुर करतील, मी ऐकणार नाही. एकच ओळ कोरी ठेवलीय, बॅडमिंटनची. फूल 16 पिसांचं, नियम 1870 च्या दशकात पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेले, नाव इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या वाड्याचं. वाऱ्यात फूल भरकटतं म्हणून दक्षिणेत तोच खेळ लोकरीच्या चेंडूने खेळू लागले. चेंडू बदलला की खेळ बदलतो, हे तुझंच म्हणणं, तेव्हा ती ओळ तू लिही. 25 शब्दांत बसव, रकाना अरुंद आहे. रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
दामू